दादीची पाटी

शबे-बरात जवळ आली की मला अजून रॉकेलचा वास येतो. आमच्या लहानपणी त्या संध्याकाळी अब्बा कंदिलाची काच राखेनं पुसून लख्ख करत. माझ्याकडे पाण्याचा डालड्याचा डबा, चुलतभावाकडे उदबत्त्यांचा पुडा, अशी आमची पलटण मगरिबनंतर कबरस्तानाकडे निघायची. निघताना दादी दारात थांबवायची आणि कागदाची एक पुडी माझ्या मुठीत द्यायची. पुडीत सब्जाचं बी असे. आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नसत. त्यामुळे तिचं जे काही तिथं पोचायचं, ते माझ्याच हातानं पोचायचं.

"मेरी सास की कबर पे जरा ज्यादा डाल रे," ती म्हणायची. "जीते जी मैं उसकू लई सताई."

चुलीपाशी हलवा घोटत बसलेली अम्मा ओठ दाबून हसायची. ती दादीची सून होती, तिला हसायचा हक्क होता.

आमचं गाव वेरूळच्या डोंगराच्या पाठीमागं. कबरस्तान ओढ्यापलीकडच्या मुरमाड माळावर. अर्ध्या माळावर आमच्यासारख्यांच्या मातीच्या कबरी होत्या. पावसाळ्यात त्या खचायच्या आणि उन्हाळ्यात नुसत्या उंचवट्यासारख्या दिसायच्या. उरलेला अर्धा माळ जुना. तिथं काळ्या दगडाच्या, चुना-गच्चीच्या कबरी होत्या, दोन छोटे घुमट होते. एका घुमटाचं छत कोसळलेलं होतं आणि त्याच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आला होता. दुसऱ्यात पारवे राहायचे. सगळीकडे सीताफळीची झुडपं, घाणेरी, रुई. भाद्रपदात कबरींच्या फटींमधून गवत असं दाटून यायचं की दगड दिसायचे बंद व्हायचे, आणि दिवाळीनंतर ते वाळून पिवळं झालं की दगड पुन्हा वर यायचे. ती जागा मला भीतीची वाटायची, आणि तरीही गावात तिच्याइतकी देखणी दुसरी जागा नव्हती. संध्याकाळचं ऊन घुमटाच्या फुटक्या कडेवर थांबलं, की मी गुरं वळायची विसरून जाई.

जुन्या भागातल्या कबरी कोणाच्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे दौलताबादच्या किल्लेदाराच्या घराण्यातल्या, कुणी म्हणे हबशी सरदारांच्या. अब्बा शिलाईकाम करायचे, शाळा चौथीपर्यंत शिकलेले. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. एका शबे-बरातला त्यांनी कंदील खाली धरून मला दोन कबरी दाखवल्या. एकीच्या माथ्यावर लांबट उंचवटा कोरलेला होता, कलमदानासारखा. दुसरीचा माथा सपाट होता, घासून गुळगुळीत केलेला.

"ज्याच्यावर कलम, ती मर्दाची. ज्याच्यावर तख्ती, ती औरतीची," अब्बा म्हणाले.

"तख्ती म्हणजे?"

"तुझी पाटी असते ना, तशी. कलम लिहिणार, पाटीवर लिहिलं जाणार."

पुढं वाचनात आलं की ही खूण आमच्या गावापुरती नाही. दिल्ली-आग्र्याच्या मुघल मकबऱ्यांपासून दख्खनच्या सुलतानांच्या कबरींपर्यंत ती दिसते. पुरुषाच्या कबरीवर कलमदान, बाईच्या कबरीवर पाटी. नाव-गाव कोरलेलं नसलं तरी खाली कोण निजलंय एवढं तरी कळतं. पण त्या रात्री घरी येताना माझ्या डोक्यात एवढंच घोळत होतं, की माझ्या दादीनं जन्मात पाटी हातात धरलेली नाही. रेशनच्या दुकानात ती अंगठा द्यायची.

दादी १९७२ च्या दुष्काळात गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या साली शिलाईकाम कुठलं? लोकांच्या अंगावर होतं ते टिकलं तरी पुष्कळ. अब्बा आणि अम्मा दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. दादी घरी आम्हाला सुकडी कालवून द्यायची आणि स्वतः भूक नाही म्हणायची. ती कशानं गेली, याचं नाव कोणी काढलं नाही. म्हातारी होती, गेली, असं सगळे म्हणाले.

जमीन इतकी कडक झाली होती की कबर खोदायला सकाळपासून दुपार झाली. कुदळ आपटली की ठिणगी उडायची. जुन्या भागाच्या कडेला, चिंचेच्या झाडापासून सात पावलांवर जागा मिळाली. मिट्टी द्यायला माझा नंबर आला तेव्हा मूठभर माती नव्हतीच. मी मूठभर मुरूम टाकला, आणि तो आत पडताना वाजला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

खडीच्या कामावर अब्बांच्या शेजारी एक पाथरवट बसायचा. पाटे-वरवंटे करणारा माणूस, दुष्काळात तोही खडीवर आला होता. दादी गेल्याचं कळल्यावर त्यानं अब्बांना विचारलं, "भाई, दगड बसवायचा का म्हातारीवर?"

अब्बा म्हणाले, "पैसे कुठं आहेत?"

"दगड रस्त्याचा, छिन्नी माझी. गडीमाणसाचा करू का बाईमाणसाचा, तेवढं सांग."

त्याला कलम आणि पाटीचा फरक माहीत होता. माझ्या आधीपासून माहीत होता. आठवड्याभरानं त्यानं दीड हात लांबीचा काळा दगड डोक्यावरून आणून दिला. वरचा भाग पाट्यासारखा सपाट, कडेनं एक बारीक रेघ. त्यावर नाव नव्हतं. त्याला उर्दू अक्षरं येत नव्हती, आणि मराठीत कबरीवर नाव घालायची आमच्याकडे तेव्हा रीत नव्हती. अशा रीतीनं माझ्या दादीला पाटी मिळाली. ती कोरीच राहिली.

ओसाड कबरस्तान एका दिवसात ओसाड होत नाही. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत आमच्या गावातली काही घरं हैदराबादला गेली, काही कराचीला. त्यांच्या कबरी मागे राहिल्या. उरलेल्यांना पुढं औरंगाबादच्या कारखान्यांनी आणि मुंबईनं नेलं. ओढ्याकाठच्या तकियात एक फकिराचं घराणं होतं. कबरस्तान राखायचं, झाडझूड करायची, रात्री एक चिराग लावायचा, हे त्यांचं काम. त्याबद्दल त्यांच्याकडे थोडी इनामी जमीन होती. जमीन हळूहळू हातची गेली, घराणंही पांगलं. त्यांच्या जागी वेडी बाभूळ आली. ही बाभूळ कुणी लावावी लागत नाही. शेळ्या शेंगा खातात आणि बी पसरवतात. दहा वर्षांत तिनं सगळा माळ व्यापला.

त्या पांगणाऱ्यांत मीही होतोच. डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, मराठी शिकवू लागलो, बदल्यांमागून बदल्या होत गेल्या. आधी दर शबे-बरातला गावी जात असे. मग एक वर्षाआड. अब्बा-अम्मा शहरात माझ्याजवळ राहायला आले आणि गाव सुटलं. २००३ मध्ये अब्बा गेले. त्यांना शहरातल्याच कबरस्तानात दफन केलं. मला संगमरवराचा दगड बसवायचा होता. अम्मा म्हणाली, "नको. मिट्टी कू मिट्टी रहने दे." कबरीला गिलावा करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, ही हदीस तिला पाठ होती. मी ऐकलं. नऊ-दहा वर्षांनी गेलो तेव्हा अब्बांच्या जागेवर पत्र्याची एक पाटी उभी होती आणि तिच्यावर भलत्याच कुणाचं नाव रंगवलेलं होतं. कोवळ्या वयाचा मुलगा होता तो. मी तिथंच उभा राहून दोघांसाठी फातिहा पढलो. तक्रार कुणाकडे करणार? त्याच्या बापालाही जागा हवीच होती.

त्या दिवसापासून मला कबरी पाहायची सवय लागली. खुलदाबाद तर आमच्या दाराशीच. जुने लोक अजून त्याला रौजाच म्हणतात. चौदाव्या शतकात हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांच्यामागून हजरत झैनुद्दीन शिराझी या भूमीत निजले, आणि मग त्यांच्या सावलीत आपल्यालाही दोन हात जागा मिळावी म्हणून बादशहा, नवाब, शायर सगळे इथं आले. हैदराबादचा पहिला निजाम इथंच आहे. अमीर हसन सिज्झीसारखा फारसी कवी इथं आहे, आझाद बिलग्रामीसारखा पंडित इथं आहे. आणि औरंगजेब आहे, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या अंगणात. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथं आणलं. वर छत नाही, आभाळ आहे. कबरीच्या मातीत सब्जा लावलेला. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली.

शाळेच्या सहली मी कितीदा तरी तिथं नेल्या. वेरूळ पाहून खुलदाबाद, असा तो ठरलेला रस्ता. मुलं एकच कबर विचारायची. २०२५ च्या मार्चमध्ये तर त्या एका कबरीवरून सारं राज्य ढवळून निघालं. नागपुरात हिंसाचार झाला, खुलदाबादला पोलिसांचा बंदोबस्त बसला. एवढ्या मोठ्या गावातल्या शेकडो कबरींपैकी लोकांना एकच ठाऊक, आणि तीही भांडायला.

मी मात्र मुलांना आणखी थोडं पुढं, मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे न्यायचो. हबश देशात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, जिचं पुढं औरंगाबाद झालं आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. त्यानं जमिनीखालून खापरी नळ घालून शहराला पाणी आणलं. ती नहरे-अंबरी लोकांच्या तोंडी अजून आहे. महसुलाची घडी बसवली, मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं. १६२६ मध्ये तो गेला. त्याचा घुमट भक्कम आहे, पण मी गेलो तेव्हा तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पायरीवर शेळी बसली होती. एका मुलीनं विचारलं, "सर, यांचं कुणीच नाही का?" मी म्हणालो, "तू सकाळी नळाचं पाणी प्यायलीस ना? मग तू आहेस." उत्तर मास्तरी होतं. आज देता आलं असतं तर दुसरं दिलं असतं.

कबरी तीन तऱ्हांनी नाहीशा होतात, असं माझ्या ध्यानात आलं आहे. एक तऱ्हा द्वेषाची. उर्दू गझलेचा बाबा आदम म्हणतात तो वली आमच्या औरंगाबादचा. तो १७०७ मध्ये अहमदाबादेत वारला. २००२ च्या दंगलीत त्याची मजार जमीनदोस्त केली आणि तिच्यावर डांबर ओतून रस्ता करून टाकला. ज्यानं गुजरातच्या विरहावर कविता केली, त्याच्या छातीवरून त्याच गुजरातेत गाड्या धावल्या.

दुसरी तऱ्हा गरजेची. मुंबईत जुहूच्या कबरस्तानात मधुबालाची कबर होती, महंमद रफींची होती, साहिर लुधियानवींची, नौशादांची होती. २०१० मध्ये त्या काढल्या गेल्या. तिथं कुणी दंगलखोर आला नव्हता. जागा संपली होती आणि मय्यती येतच होत्या. रफींचे चाहते जवळच्या नारळाच्या झाडाच्या खुणेवर आजही फुलं ठेवतात. २०२० च्या करोनात तर जागेबरोबर माणुसकीही आखडली. मार्चअखेर मुंबई महापालिकेनं सर्वच धर्मांच्या करोना मृतांचं दहन करायचा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागं घेतला. वांद्र्याच्या कबरस्तानात दफन नको म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये ती मागणी फेटाळली. सन्मानानं मातीत जाणं हाही माणसाचा हक्कच आहे, हे न्यायालयाकडून वदवून घ्यावं लागलं.

तिसरी तऱ्हा विसरण्याची. तिच्यासाठी ना जमाव लागतो ना आदेश. माझ्यासारखा नातू पुरतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात, चुलतभावाचा फोन आला. तोच, उदबत्त्यांचा पुडा धरणारा. तो गावातच राहिला, शेती करतो, मशिदीच्या कमिटीवर आहे. वक्फचा नवा कायदा झाला होता आणि सगळ्या मिळकतींची माहिती सहा महिन्यांत सरकारी पोर्टलवर चढवायची होती. कबरस्तानाची मोजणी, चतुःसीमा, जुनी कागदं, सगळं जमवायचं होतं. "तू शिकेला है, आ जा," तो म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. नवा भाग भरला आहे. कमिटीचा विचार आहे की जुन्या भागातली बाभूळ काढायची, तीन-चार फूट मातीचा भराव टाकायचा आणि वर नव्यानं दफन सुरू करायचं.

मी फोनवरच ओरडलो. तीनशे-चारशे वर्षांचा वारसा आहे तो, दगड आहेत, घुमट आहेत, तुम्हाला काही अक्कल आहे का, असं सगळं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "आ के बोल."

मी गेलो. ओढ्याच्या पुलावरून पाहिलं तर माळ दिसेचना. नुसतं काटेरी हिरवं रान. पिंपळानं पहिला घुमट पार गिळला होता. दुसऱ्यातून पारवे उडाले, म्हणजे तो उभा होता. बाभळीच्या खोडांमध्ये कलमं तिरपी झालेली, पाट्या उलथलेल्या. एका कबरीखाली सायाळीनं बीळ केलं होतं. आणि तरीही, खरं सांगतो, माझा श्वास थांबला. ऊन त्याच जागी थांबलं होतं. शेवाळानं काळा दगड मखमलीसारखा झाला होता. मनात आलं, हे असंच राहू द्यावं, कुणी हातही लावू नये. पडझडीलाही एक देखणेपण असतं, आणि लांबून येणाऱ्याला ते जास्त दिसतं.

रात्री इशाच्या नमाजनंतर बैठक झाली. मी वारशावर बोललो. चांगलं बोललो असेन, कारण कुणी मधे बोललं नाही. मग चुलतभाऊ उठला.

"मागच्या महिन्यात वीटभट्टीवरच्या एका मजुराची बायको गेली," तो म्हणाला. "बाहेरगावची माणसं. आम्ही कबर खोदायला घेतली. दोन हातांवर हाडं लागली. बुजवली. दुसरीकडे खोदलं, तिथं पण हाडं. तिसरीकडे कवटी. वरून पाऊस. जनाजा दोन तास झाडाखाली भिजत होता. तो नवरा माझे पाय धरून म्हणाला, भाई, कुठंही टाका, पण आता भिजवू नका. तू सांग, त्याला मी काय सांगू? चारशे वर्षांपूर्वीचे लोक झोपलेत, तू थांब?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कोपऱ्यात बसलेले मौलाना हळूच म्हणाले, की मय्यत मातीत मिसळून माती झाली असेल तर त्या जागी दुसऱ्याला दफन करणं जायज आहे, असं फिकहच्या किताबांत आहे. फतावा-ए-आलमगिरीतही आहे. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. ज्यानं ती किताब करवून घेतली, त्याच्या कबरीवरून मार्चमध्ये राज्य पेटलं होतं. आणि त्याच किताबात एका वीटभट्टीवाल्याच्या बायकोची सोय शतकांपूर्वीच लिहून ठेवलेली होती. मदिनेच्या जन्नतुल बकीतही एकाच मातीत पिढ्यांवर पिढ्या निजल्या आहेत. अब्बांच्या जागेवरचा तो कोवळा मुलगा मला आठवला. शहरात जे मी मुकाट्यानं सोसलं होतं, ते गावात इतरांना नाकारायला मी उभा राहिलो होतो.

शेवटी मधला मार्ग निघाला. दोन्ही घुमट आणि त्यांच्याभोवतीच्या कोरीव कबरी तशाच ठेवायच्या, फक्त काटे काढायचे. ओढ्याकडची कड, जिथं दगड विरळ आहेत, तिथंच भराव घालायचा. आणि भराव पडण्याआधी एकूण एक दगडाची नोंद करायची. ते काम मी अंगावर घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत माझे काही जुने विद्यार्थी आले. त्यांत सगळे मुसलमान नव्हते. कुऱ्हाडी, विळे, टेप, एक फुलस्केप वही. बाभूळ तोडताना हात रक्ताळले. आम्ही दगडांना नंबर दिले, मापं घेतली, मोबाईलवर फोटो काढले. कलम असेल तर 'क', पाटी असेल तर 'प'. वीतभर लांबीच्या पाट्याही निघाल्या, लेकरांच्या. तिथं मुलं आपोआप हळू बोलू लागली. अरबी अक्षरं फार थोड्या दगडांवर होती, आणि जिथं होती तिथं कलमा होता. माणसाचं नाव कुठंच नव्हतं. मेलेल्यानं जाताना अल्लाहचं नाव मागे ठेवलं, स्वतःचं ठेवलं नाही. अलीकडच्या भागात दोन फरश्यांवर मात्र मराठीत नाव आणि तारीख होती. एका विद्यार्थ्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "सर, हे आपल्याला वाचता येतंय."

तिसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याकडच्या कडेला आलो. चिंच कधीच तोडली गेली होती, बुंधा तेवढा होता. मी बुंध्यापासून सात पावलं मोजली. मग थांबलो. ही पावलं अब्बांची होती की माझी? दुष्काळातल्या बारा वर्षांच्या पोराची, की आजच्या गुडघे धरलेल्या मास्तरची? आणि कुठल्या दिशेनं? त्या आवारात तीन पाट्या निघाल्या. तिन्ही काळ्या, तिन्ही कोऱ्या. मला कडेची बारीक रेघ आठवत होती. रेघ दोघींवर होती. तिसरीची कड फुटली होती, तिच्यावर असेलही. त्या पाथरवटानं त्या दुष्काळात आणखी कुणाकुणाला पाट्या दिल्या होत्या, कोण जाणे.

चुलतभाऊ शेजारी येऊन उभा राहिला. "कौनसी है, बोल. उसकू छोड देते, भराव उधर से लेते."

मी तिन्ही दगडांवरून हात फिरवला. एकीकडे बोट दाखवलं असतं तर त्यानं मानलं असतं. पण मग उरलेल्या दोघी कुणाच्या तरी दाद्या होत्याच. त्यांचे नातू कराचीत असतील, भिवंडीत असतील, किंवा नसतीलच. "कोणतीच सोडू नको," मी म्हणालो. "फक्त तिन्ही दगड वर काढ, आणि भराव पडला की त्याच जागी वर ठेव."

त्यानं तसंच केलं. डिसेंबरात माती पडली, रोलर फिरला. आता तिथं सपाट, तांबूस जमीन आहे आणि तिच्यावर तीन काळ्या पाट्या एका ओळीत आहेत. गावात एकानं विचारलं, ऑइलपेंटनं नावं टाकायची का? मराठीत टाकू, आता सगळेच टाकतात. माझा हात जरा पुढं गेला होता. आयुष्यभर मी फळ्यावर मराठी लिहीत आलो, दादीचं नाव या अक्षरांत लिहायला मला आवडलं असतं. पण ते कुठल्या पाटीवर लिहायचं? म्हणून ते मी वहीत लिहिलं. मशिदीच्या कपाटात ती वही आहे. तिच्यात दगड क्रमांक ९१, ९२ आणि ९३ यांच्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात दादीचं नाव आहे आणि पुढं तीन शब्द आहेत : 'यांपैकी एक कबर'.

२०२६ च्या फेब्रुवारीत शबे-बरातला गावी गेलो. कंदील नव्हता. कबरस्तानात आता विजेचा खांब आहे. भरावावर पहिली नवी कबर झाली होती, पुलाच्या कामावर अपघातात गेलेल्या एका मजुराची. तिच्यावरची माती अजून मऊ होती. मी फातिहा पढलो. खिशातून सब्जाची पुडी काढली आणि बियांचे चार वाटे केले. तीन वाटे पाट्यांच्या कडेनं पेरले, चौथा त्या मजुराच्या कबरीवर. डब्यातलं पाणी शिंपडलं.

तेवढ्यात दादीची सासू आठवली. तिची कबर नव्या भागात, कुठंतरी खाली.  पुडीच्या घडीत चार-दोन बिया चिकटून राहिल्या होत्या. त्या मी तिकडच्या बाजूला भिरकावल्या. जरा जास्तच टाकायच्या होत्या, पण तेवढ्याच उरल्या होत्या.